सीडी घातली की "काहीच व्हईना"? घरातल्या मोठ्या माणसांसाठी ड्राइव्हच्या सेटिंग एकदाच नीट लावून द्या

परभणीत आमच्या भागात रिटायर्ड मंडळी भरपूर आहेत आणि जवळपास प्रत्येकाच्या कपाटात सीडी-डीव्हीडीचा एक डबा असतोच. सप्त्यातली कीर्तनं, लेकीच्या लग्नाची डीव्हीडी, सेवापूर्तीच्या कार्यक्रमाची डीव्हीडी, एखाद्या दवाखान्यानं दिलेली एमआरआयची सीडी. मुलगा पुण्याला जाताना जुना डेस्कटॉप घरी ठेवून गेलेला असतो, नाहीतर लॅपटॉपला लावायला यूएसबीवाला डीव्हीडी रायटर घेऊन दिलेला असतो. आणि मग दर आठ-पंधरा दिवसाला तोच फोन, "सीडी घातली पण काहीच व्हईना बघ, मागच्या बारीला तू चालू करून दिलतंस की."

लोक म्हणतात वयामुळं लक्षात राहत नाही. मला हे अजिबात पटत नाही. सातबाऱ्याचे गट नंबर पाठ असणारी, पन्नास वर्षांपूर्वीच्या विद्यार्थ्यांची नावं बापाच्या नावासकट सांगणारी ही माणसं आहेत. खरी अडचण अशी आहे की कॉम्प्युटर दर वेळी वेगळा वागतो, एकदा डिस्क टाकली की खिडकी उघडते, एकदा नुसतीच खाली कोपऱ्यात पट्टी येऊन जाते, एकदा काहीच होत नाही, मग माणसानं लक्षात ठेवायचं तरी काय? म्हणून त्यांना दर वेळी नवीन शिकवत बसण्यापेक्षा मशीन दर वेळी सारखंच वागेल असं करून द्या. त्याच्या सेटिंग खाली सांगतो, विंडोज १० आणि ११ धरून.

सुरुवातीला त्या पट्टीचं सांगतो कारण निम्म्या तक्रारी तिथूनच येतात. नवीन विंडोजमध्ये डिस्क टाकली की उजव्या कोपऱ्यात खाली एक सूचना येते, या डिस्कचं काय करायचं ते निवडा म्हणून. ती मूळ सेटिंगला फक्त ५ सेकंद थांबते. आता विचार करा, गुरुजी डिस्क टाकून ट्रे ढकलतात, वाकलेले असतात ते सरळ होतात, चष्मा नीट करतात, माऊसचा बाण कुठं गेला ते शोधतात, तोपर्यंत ५ सेकंद संपून पट्टी गायब. "आरं आता आलतं की खाली, कुठं गेलं?" आणि घाईत क्लिक केलंच तर यादीत जे हाताखाली येईल ते दाबलं जातं, त्यात "टेक नो अॅक्शन" दाबलं गेलं की संपलं, विंडोज तेच धरून बसतं आणि पुढच्या वेळेपासून तसल्या डिस्कला खरंच काही करत नाही. काल चालत होतं आणि आज चालंना, असं जे म्हणतात ते खोटं नसतं.

ही सूचना जास्त वेळ थांबवता येते. विंडोज ११ असेल तर सेटिंग्ज उघडा, त्यात अॅक्सेसिबिलिटी, त्यात व्हिज्युअल इफेक्ट्स, तिथं सूचना किती वेळानं घालवायची त्याचा रकाना आहे. विंडोज १० मध्ये सेटिंग्ज, ईज ऑफ अॅक्सेस, डिस्प्ले, आणि खाली "शो नोटिफिकेशन्स फॉर". ५ सेकंदांपासून ५ मिनिटांपर्यंत जाता येतं. मी ३० सेकंद ठेवतो, ५ मिनिटं ठेवलं तर बाकीच्या सूचना पण स्क्रीनवर चिकटून राहतात आणि वैताग येतो.

पण खरा इलाज म्हणजे ती पट्टी यायची गरजच पडू नये. त्यासाठी ऑटोप्लेची, म्हणजे डिस्क टाकली की आपोआप काय करायचं ते ठरवणारी सेटिंग. इथं एक गोष्ट लय जणांना माहिती नसते. सेटिंग्जमध्ये ऑटोप्ले शोधलं की जे पान उघडतं त्यात पेन ड्राइव्ह आणि मेमरी कार्ड याचंच विचारलेलं असतं, सीडी-डीव्हीडीचं तिथं काहीच नाही, आणि लोक तिथूनच परत फिरतात. सीडी-डीव्हीडीचं सगळं जुन्या कंट्रोल पॅनलमध्ये आहे. स्टार्ट दाबून कंट्रोल पॅनल असं इंग्रजीत टाइप करा, ते उघडलं की हार्डवेअर अँड साऊंड, त्यात ऑटोप्ले. सगळ्यात वर एक चौकोन आहे, सगळ्या डिस्क आणि उपकरणांना ऑटोप्ले वापरा अशा अर्थाचा, तिथं टिक पाहिजे. ती टिक कुणी काढलेली असली तर खालचं काही कितीही बदला, उपयोग होत नाही.

खाली सरकत गेलं की डीव्हीडी मूव्ही, ऑडिओ सीडी, व्हिडिओ सीडी, कोरी सीडी असे वेगवेगळे रकाने दिसतात आणि प्रत्येकासमोर निवडायची यादी आहे. इथं यायच्या आधी व्हीएलसी प्लेअर टाकून घ्या, फुकट आहे, त्याच्या स्वतःच्या साइटवरूनच घ्या. याचं कारण असं की विंडोज ८ आलं तेव्हापासून म्हणजे २०१२ पासून विंडोज मीडिया प्लेअरमध्ये डीव्हीडीचा पिक्चर चालत नाही. विंडोज ७ वर ज्यांनी आरामात लग्नाची डीव्हीडी बघितली त्यांना नवीन मशीनवर ती दिसंना झाली की ते डिस्कच खराब झाली म्हणून टाकून द्यायला निघतात. टाकू नका, व्हीएलसी टाका. ते टाकलं की ऑटोप्लेच्या यादीत त्याचं नाव आपोआप येतं. मग डीव्हीडी मूव्हीसमोर व्हीएलसी, ऑडिओ सीडीसमोर व्हीएलसी, व्हिडिओ सीडीसमोर पण व्हीएलसी, आणि दवाखान्याच्या किंवा फोटोच्या सीडीसाठी फोल्डर उघडून फाइली दाखवा असा पर्याय. शेवटी खाली सेव्हचं बटण दाबायला विसरू नका, ते पार तळाला असतं आणि छोट्या स्क्रीनवर दिसत नाही. तिथंच शेजारी सगळं पहिल्यासारखं करायचं बटण पण आहे, आधीच कुणी काय-काय दाबून ठेवलंय ते कळंना झालं तर ते दाबून नव्यानं सुरू करा.

हे करताना माऊस त्यांच्या हातात राहू द्या. आपण बाजूला बसायचं आणि बोटानं दाखवायचं, वेळ लागला तर लागू द्यायचा. आपण भराभरा खिडक्या उघडून बंद करतो आणि "झालं काका" म्हणून उठतो तेव्हा त्यांना फक्त एवढंच दिसतं की स्क्रीन लय वेळा हलली. आमच्या शेजारच्या मामी पोथी वाचताना जी वही ठेवतात त्याच वहीच्या मागच्या पानावर त्यांनी स्वतः लिहून घेतलंय, "डिस्क चित्राची बाजू वर. ट्रे हातानं नाही, बटण दाबून आत. नारंगी शंकू दिसला की थांबायचं, आपोआप लागतं." नारंगी शंकू म्हणजे व्हीएलसीचं चिन्ह. मी छापून दिलेल्या कागदापेक्षा ते त्यांचं पान जास्त कामाला येतं कारण शब्द त्यांचे आहेत.

डबल क्लिक जमत नसेल, हात थरथरत असेल, तर त्याचा हट्ट करू नका. एकदा क्लिक करून चिन्ह निळं झालं की कीबोर्डवरचं एंटर दाबायचं, तेच काम होतं. विंडोजचं बटण धरून ई दाबलं की फाइल एक्सप्लोरर उघडतो, विंडोजचं बटण आणि अधिकचं चिन्ह दाबलं की भिंग लागतं आणि सगळं मोठं दिसतं, विंडोज आणि एस्केप दाबलं की भिंग जातं. हे तीन जमले की मोठ्या माणसाचा धीर लय वाढतो.

आता दुसरी तक्रार, "डेस्कटॉपवर तू करून दिलेलं चित्र दाबलं तर उघडंना." ही बहुतेक वेळा यूएसबीवाल्या रायटरची असते. विंडोज प्रत्येक ड्राइव्हला एक अक्षर देतं. ए आणि बी ही दोन अक्षरं फ्लॉपीच्या काळापासून राखून ठेवलेली, सी म्हणजे मुख्य हार्ड डिस्क, आणि पुढची अक्षरं एसटीत जशी मोकळी सीट दिसंल तिथं बसतात तशी मिळत जातात. नातवानं आधी पेन ड्राइव्ह लावला की तो ई होतो आणि मागून लावलेला रायटर एफ होतो, आणि आपण शॉर्टकट केलेला असतो ई चा. त्यामुळं रायटरला लांबची सीट रिझर्व्ह करून टाकायची.

रायटर लावून ठेवा. स्टार्टच्या बटणावर उजवं क्लिक करा, यादीत डिस्क मॅनेजमेंट आहे ते उघडा. खालच्या भागात सीडी-रॉम ० असं लिहिलेली ओळ दिसंल, त्या शब्दावरच उजवं क्लिक करा, "चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स" निवडा, मग चेंज, मग यादीतून आर किंवा एस असलं लांबचं अक्षर निवडून ओके. काही प्रोग्राम जुन्या अक्षरावर अवलंबून असतील अशी ताकीद येते, फक्त सीडीच्या ड्राइव्हचं अक्षर बदलत असाल तर हो म्हणायला हरकत नाही. जुना शॉर्टकट काढून नवीन अक्षराचा करा. आणि रायटर शक्यतो रोज त्याच यूएसबी पोर्टात लावायला सांगा, त्या पोर्टाजवळ रंगीत टिकली नाहीतर चिकटपट्टी लावून ठेवली तर सांगावं पण लागत नाही.

डिस्क मॅनेजमेंटच्या त्या खिडकीबद्दल मात्र मी फार कडक आहे. डिस्क ० ची जी वरची ओळ असते, ज्यात सी आहे, रिकव्हरी आहे, तिच्यावर काही म्हणजे काही करायचं नाही. तिथं फॉरमॅट आणि डिलीट व्हॉल्यूम हे शब्द त्याच यादीत असतात आणि एक चुकीचं क्लिक म्हणजे घरातले सगळे फोटो गेले. ही एक सेटिंग तुम्ही स्वतः शेजारी बसल्याशिवाय मोठ्या माणसांना एकट्यानं करायला सांगू नका, फोनवरून तर नाहीच.

ड्राइव्ह दिसतच नसेल तर सेटिंगच्या आधी साध्या गोष्टी बघा. कॉम्प्युटर बंद करून परत चालू केला, तरी दिसंना, असं सांगतात. विंडोज ८ पासून शट डाऊन म्हणजे पूर्ण बंद होणं नाही, फास्ट स्टार्टअप चालू असेल तर विंडोजचा गाभा जसाच्या तसा साठवून ठेवला जातो आणि चालू करताना तोच परत उचलला जातो, त्यामुळं अडकलेली गोष्ट अडकलेलीच राहते. रीस्टार्ट केलं तर मात्र खरंच नव्यानं सुरू होतं. म्हणून फोनवर "बंद करून चालू करा" असं म्हणू नका, "रीस्टार्ट दाबा" असंच म्हणा, नुसत्या एवढ्यानं कितीतरी वेळा काम होऊन जातं.

त्यानंतरही दिसत नसेल तर स्टार्टवर उजवं क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर. डीव्हीडी/सीडी-रॉम ड्राइव्ह्ज या ओळीखाली रायटरचं नाव आहे का बघा. त्याच्यावर खाली जाणारा छोटा बाण असला तर कुणीतरी तो बंद करून ठेवलाय, उजवं क्लिक करून इनेबल करा. पिवळा त्रिकोण असला तर उजवं क्लिक करून अनइन्स्टॉल डिव्हाइस करा आणि रीस्टार्ट करा, विंडोज त्याला परत शोधून स्वतःच बसवतं, सीडीतला किंवा कॉम्प्युटरमधला डेटा यानं जात नाही. नेटवर याच्यापुढं रजिस्ट्री (विंडोजच्या आतल्या सेटिंगची नोंदवही) उघडून अमुक नोंद काढा असे उपाय दिसतात, काही वेळा ते चालतात पण, तरी पहिल्यांदा कॉम्प्युटर शिकणाऱ्या माणसाला त्या रस्त्यानं नेऊ नका, दुकानात दाखवा.

यूएसबीवाला रायटर टकटक आवाज करत असेल, लाईट लागून विझत असेल, मधीच गायब होत असेल तर ती वीज कमी पडायची लक्षणं आहेत. यूएसबी २ चं पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतं, यूएसबी ३ चं ९००, आणि डिस्क फिरायला सुरुवात होताना रायटर जास्त ओढतो. डेस्कटॉपच्या पुढच्या पोर्टाऐवजी मागच्या पोर्टात लावा, हब आणि लांब केबल काढून टाका. दोन तोंडाची केबल आलेली असेल तर दोन्ही तोंडं लावायची असतात, दुसरं तोंड शोभेला नाही.

ड्राइव्ह दिसतो, डिस्क आत फिरते, तरी "प्लीज इन्सर्ट अ डिस्क" असंच म्हणतो? मग फोन करणाऱ्याला विचारा, दुसरी डिस्क चालते का, आणि सीडी चालत नाही का डीव्हीडी चालत नाही. सीडी वाचायला ७८० नॅनोमीटरचा लेझर लागतो आणि डीव्हीडीला ६५० चा, म्हणजे एकाच ड्राइव्हमध्ये दोन वेगळे लेझर. म्हणून लग्नाची डीव्हीडी झकास चालते पण कीर्तनाची एकही सीडी लागत नाही असं होऊ शकतं, तिथं एक लेझर दमलेला असतो, कुठल्याच सेटिंगनं तो परत येत नाही आणि मोठ्या माणसाला उगाच "तुम्हीच कायतरी दाबलं" असं म्हणू नये.

डिस्क पुसायची असेल तर चष्म्याच्या कापडानं, मधल्या भोकाकडून कडेला सरळ रेषेत पुसा, गोल गोल फिरवू नका. सीडीमध्ये माहितीचा थर छापलेल्या बाजूच्या अगदी खाली असतो, त्यामुळं वरच्या बाजूला बॉलपेननं नाव लिहिलं, चिकटपट्टी लावून ओढली तर नुकसान होतं, खालची बाजू चकचकीत दिसत असली तरी. आणि आपल्याकडं मे महिन्यात पारा ४२-४३ ला जातो, पत्र्याच्या खोलीत माळ्यावर ठेवलेल्या, घरी राइट केलेल्या डिस्कची त्या उन्हात वाट लागते. लोखंडी कपाटात, खालच्या फळीवर, उभ्या ठेवा.

काही फुटकळ गोष्टी. जुन्या भजनाच्या व्हिडिओ सीडी उघडल्या की एमपीइजीएव्ही नावाचं फोल्डर असतं आणि त्यात डॅट नावाची फाइल, ती विंडोजला कळत नाही, कशानं उघडू म्हणून विचारतं, व्हीएलसीत ओढून टाका, चालते. अमेरिकेतल्या मुलानं आणलेली पिक्चरची डीव्हीडी टाकली की रीजन (डीव्हीडी जगाच्या कुठल्या भागासाठी आहे त्याचा नंबर) बदला म्हणून खिडकी येते, तिथं रद्द करा. आपल्याकडचा रीजन ५ आहे आणि ड्राइव्हचा रीजन फक्त ५ वेळा बदलता येतो, शेवटचा जो ठेवला तो कायमचा, बऱ्याचदा व्हीएलसी रीजन न बदलता पण चालवतं. ट्रे अडकला तर पुढं टाचणीएवढं भोक असतं, कॉम्प्युटर बंद करून सरळ केलेली पेपर क्लिप आत दाबली की ट्रे थोडा बाहेर येतो. चाकू-पिन घालून ओढू नका.

कोरी डिस्क टाकली की विंडोज दोन पर्याय विचारतं, पेन ड्राइव्हसारखी वापरायची का सीडी-डीव्हीडी प्लेअरसाठी. घरच्या प्लेअरवर किंवा गाडीत ऐकायची असेल तर दुसराच घ्या. पहिला घेतला तर आपल्या कॉम्प्युटरवर सगळं दिसतं आणि प्लेअर मात्र डिस्क वाचतच नाही, मग ते म्हणतात प्लेअर बिघडला.

सगळ्यात जास्त जीव तुटतो तो कॉपीच्या गोष्टीत. अप्पा कीर्तनाच्या ऑडिओ सीडीतले सगळे ट्रॅक धरून पेन ड्राइव्हवर टाकतात, क्षणात कॉपी होतं, खूश होतात, आणि गावाकडं नेऊन लावलं की एक शब्द वाजत नाही. ऑडिओ सीडीत ज्या सीडीए नावाच्या फाइली दिसतात त्या गाणं नसतातच, ४४ बाइटची ती नुसती खूण असते, ट्रॅक कुठून सुरू होतो एवढंच सांगणारी. खरा आवाज बाहेर काढायला रिप करावं लागतं. स्टार्टमध्ये विंडोज मीडिया प्लेअर शोधा, विंडोज ११ वर त्याच्या नावापुढं लेगसी लिहिलेलं असतं. सीडी टाकली की वर रिप सेटिंग्ज दिसतं, त्यात फॉरमॅट म्हणून एमपी३ निवडा, कारण मूळ सेटिंगचा प्रकार सगळ्याच स्पीकरवर वाजत नाही, मग रिप सीडी दाबा. त्याच यादीत सीडी टाकली की आपोआप रिप कर असा पण पर्याय आहे, आणि झाल्यावर डिस्क आपोआप बाहेर काढ असाही. हे दोन्ही चालू करून दिले की अप्पांना फक्त डिस्क टाकायची, ट्रे बाहेर आला की पुढची टाकायची. फाइली म्युझिक फोल्डरमध्ये जमा होत राहतात.

डबा मोठा असला तर आधी त्या डिस्क घ्या ज्यांची दुसरी प्रत कुठंच मिळणार नाही, घरातल्या माणसांचे आवाज असलेल्या, गावच्या सप्त्याच्या, आणि ज्यांच्या कडेला आतून डाग पडायलेत त्या तर आजच. बाजारात मिळणाऱ्या भजनाच्या सीडी मागून केल्या तरी चालतील.

तुमच्याकडं यातलं करून पण अडत असेल तर तीन गोष्टी सांगा, विंडोज कुठलं, ड्राइव्ह आतला का यूएसबीचा, आणि धिस पीसीमध्ये ड्राइव्हचं चिन्ह दिसतं का नाही. स्क्रीनवर जी इंग्रजी ओळ आली असेल तिचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, "कायतरी एरर आला" एवढ्यावरून काही सांगता येत नाही.